मल्लविद्येचे दोन आचार्य

शिक्षकाची परीक्षा कशानें करावी, हा प्रश्न जितका जुना तितकाच रोजचा आहे. घरांतील मुलगा एखाद्या विद्येस घालावयाचा झाला, कीं आजोबा म्हणतात, "मास्तर स्वतः विद्वान् आहेत काय तें पहा." काका म्हणतात, "विद्वत्ता राहूं द्या, त्यांच्या हाताखालून किती मुलें वर आलीं तें पहा." आणि मुलाची आई माजघराच्या दारांतून हळूच विचारते, "मारकुटे तर नाहींत ना?" हे तिन्ही प्रश्न आपापल्या जागीं योग्य आहेत, पण तिहींचें समाधान करील असा एकच माणूस मिळणें कठीण. कालिदासानें 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह राजापुढें आणून हाच प्रश्न उभा केला आहे. स्वतः करून दाखविण्याचें कौशल्य निराळें आणि दुसऱ्याकडून करवून घेण्याचें निराळें, हें त्या प्रसंगाचें मर्म होय. आणि मौज अशी कीं, परीक्षा आचार्यांची, परंतु रंगभूमीवर उभी राहते ती शिष्या!

कविकुलगुरूनें नाट्याचा दृष्टांत घेतला. आम्ही या महिन्यांत मल्लविद्येचा घेणार आहों. या सदरांत कुस्ती कोठून शिरली, असें कित्येक वाचकांस वाटेल. आपल्या समजुतीप्रमाणें कुस्ती तालमींत आणि विद्या पाठशाळेंत. पहिलवान पुस्तकास शिवावयाचा नाहीं आणि पुस्तकी मुलगा लाल मातीस. परंतु अमेरिकेंत कुस्ती वाढली ती मुख्यतः विद्यालयांत व महाविद्यालयांत. तेथें कुस्तीचा वस्ताद हा महाविद्यालयाचा पगारी शिक्षक असतो, आणि त्याचे पठ्ठे गणित, शेतकी किंवा इतिहास शिकत असतांनाच आखाड्यांत उतरतात. त्या देशांतील अशा दोन वस्तादांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांतील एकानें स्वतः कधीं स्पर्धेंत कुस्ती केली नव्हती; दुसरा आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ मल्ल होता. आणि दोघांनींही आपल्या मागें जें ठेवलें तें विजयचिन्हांपेक्षां मोठें होतें.

ही कुस्ती आपल्या कुस्तीहून बरीच निराळी आहे, म्हणून तिचे नियम आधीं थोडक्यांत सांगितले पाहिजेत. ती मातींत न होतां जाड गादीवर होते. मल्लांचे वजनाप्रमाणें दहा वर्ग असतात; हल्लीं सर्वांत हलका वर्ग १२५ पौंडांचा आणि सर्वांत जड २८५ पौंडांपर्यंतचा आहे. सामना सात मिनिटांचा; पहिला भाग तीन मिनिटांचा व पुढील दोन प्रत्येकीं दोन मिनिटांचे. प्रतिपक्षाचे दोन्ही खांदे एक सेकंदभर गादीस टेकविले, कीं तो चीत झाला आणि सामना तेथेंच संपला. तसें न घडलें तर गुणांवर निकाल. उभ्या प्रतिपक्षास खालीं पाडून ताब्यांत घेतल्याचे गुण. खालून निसटल्याचा गुण. खालच्यानें पालटा देऊन वर येऊन बसल्याचे गुण. आणि एकानें दुसऱ्यापेक्षां मिनिटभर अधिक काळ प्रतिपक्षास दाबून ठेवलें तर त्याचाही एक गुण. अंग चोरून वेळ काढणाऱ्यास पंच आधीं ताकीद देतो आणि तरीही न सुधारल्यास प्रतिपक्षाच्या पदरांत गुण टाकतो.

आतां मुख्य गोष्ट ही कीं, राष्ट्रीय स्पर्धेंत प्रत्येक मल्ल एकटा लढत असला तरी त्याच्या कमाईचे गुण महाविद्यालयाच्या खात्यांत जमा होतात, आणि ज्या महाविद्यालयाची बेरीज अधिक त्यास सांघिक विजेतेपद मिळतें. तेव्हां एखादा महामल्ल निर्माण करून वस्तादाचें भागत नाहीं. एकत्र कुटुंबांत एकट्या कर्त्या पुरुषाच्या मिळकतीवर दिवाळी होईल, पण संसार होत नाहीं. तसेंच हें आहे. दहा वर्गांस दहा मल्ल तयार पाहिजेत, त्या प्रत्येकाच्या मागें त्याच्याशीं रोज झुंजणारा दुसरा पाहिजे, आणि मुलें चार-पांच वर्षांत पदवी घेऊन निघून जातात म्हणून हें सर्व दरवर्षीं पुन्हां उभें करावयाचें. अशा अव्याहत चालणाऱ्या संसारास जो गृहस्थ उभा राहतो तोच खरा महाविद्यालयीन वस्ताद.

पहिले आचार्य एडवर्ड गॅलघर. त्यांचा जन्म १८८७ सालचा. ओक्लाहोमा राज्यांतील स्टिलवॉटर या गांवीं शेतकी व यंत्रविद्या यांचें एक महाविद्यालय होतें. तेथें ते शिकले आणि १९०९ सालीं विद्युत्-यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले. विद्यार्थिदशेंत धांवण्यांत व फुटबॉलांत त्यांचें नांव होतें. १९१६ सालीं त्याच महाविद्यालयांत कुस्तीच्या संघाचें काम त्यांच्याकडे आलें. ज्या खेळांत स्वतः कधीं उतरले नाहींत तो खेळ मुलांस शिकवावयाचा! दुसरा कोणी असता तर त्यानें एखाद्या जुन्या मल्लास हाताशीं धरून वेळ मारून नेली असती. गॅलघर यांनीं आपलें यंत्रशास्त्र बाहेर काढलें.

मनुष्याचा हात ही तरफ आहे, कोंपर व खांदा हे तिचे टेकू आहेत, आणि तोल म्हणजे गुरुत्वमध्य पायांच्या टेकूवर राहणें, अशा दृष्टीनें त्यांनीं प्रत्येक पकड तपासली. बळ कोठें लावलें असतां थोडक्यांत अधिक काम होतें, सांधा कोणत्या दिशेनें वळतो व कोणत्या दिशेनें वळत नाहीं, प्रतिपक्षाचें वजन कोणत्या क्षणीं एका पायावर येतें, याचा त्यांनीं शास्त्राप्रमाणें अभ्यास केला, शेंकडों डाव पद्धतशीर मांडले, आणि पुढें या विद्येवर पुस्तकही लिहिलें. आपल्याकडे वस्ताद डाव 'दाखवितो'. गॅलघर डाव 'समजावून सांगत'. दाखविलेला डाव शिष्य विसरूं शकतो. समजलेल्या डावांतून तो स्वतःच दुसरा डाव काढतो. व्याकरणाचीं रूपें नुसतीं घोकणारा मुलगा आणि सूत्र कळलेला मुलगा यांत जो फरक, तोच हा फरक होय.

फळ काय आलें तें आंकड्यांत पहा. १९१६ पासून १९४० पर्यंत त्यांच्या संघानें १३८ सामने जिंकले, अवघे ५ गमावले आणि ४ बरोबरींत सुटले. महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा १९२८ सालीं आयोवा राज्यांतील एम्स या गांवीं प्रथम भरली. ती गॅलघर यांच्या मुलांनीं जिंकली, आणि १९४० पर्यंतच्या तेरा स्पर्धांपैकीं अकरांत सांघिक विजेतेपद त्यांच्याकडे आलें. त्यांतील एक विभागून मिळालेलें होतें. त्यांच्या शिष्यांपैकीं बॉबी पिअर्स व जॅक व्हॅन बेबर यांनीं १९३२ सालीं लॉस एंजलिस येथें आणि फ्रँक लुइस यांनीं १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. १९४० सालीं गॅलघर वारले. त्यांच्यामागून आलेल्या आर्ट ग्रिफिथ यांनीं त्याच गादीवर आणखी आठ राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. गुरु गेला तरी गुरुकुल चाललें, हीच त्यांच्या कामाची खरी मुद्रा.

दुसरे आचार्य डॅन गेबल. यांची कथा अधिक विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तिच्यांत यश जितकें आहे तितकेंच दुःखही आहे.

आयोवा हें मक्याच्या शेतांचें व डुकरें पाळणाऱ्या शेतकऱ्यांचें राज्य. तेथील वॉटर्लू नांवाच्या कारखान्यांच्या गांवीं २५ ऑक्टोबर १९४८ रोजीं गेबल यांचा जन्म झाला. विद्यालयांत असतां या मुलानें ६४ कुस्त्या केल्या व ६४ जिंकल्या. परंतु त्याच काळांत, १९६४ सालीं, घरांतील मोठी बहीण, वय वर्षें एकोणीस, घरींच एका परिचित तरुणाच्या हातून मारली गेली. डॅन तेव्हां पंधरा वर्षांचा होता. ज्या घरावर असा घाला पडतो तेथें पुढें काय होतें हें सांगावयास नको. भिंती बोलूं लागतात, नवराबायको एकमेकांकडे पाहीनाशीं होतात, आणि शेवटीं तें घरच नकोसें होतें. या मुलानें काय केलें? तो बहिणीच्या रिकाम्या खोलींत राहावयास गेला. घर टिकलें. आईबापांच्या मनास दुसरें कांहीं धरावयास मिळावें म्हणून त्यानें आपली कुस्ती पुढें केली, असें त्याच्या पुढील आयुष्याकडे पाहून म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढें एम्स येथील आयोवा स्टेट विद्यापीठांत तो हॅरोल्ड निकल्स यांच्या हाताखालीं आला. निकल्स हे स्वतः १९३९ चे राष्ट्रीय विजेते, आणि वस्ताद म्हणून त्यांनीं सहा सांघिक विजेतेपदें मिळविलीं. गेबल १९६८ व १९६९ सालीं राष्ट्रीय विजेता झाला. शालेय ६४ आणि महाविद्यालयीन ११७ मिळून १८१ कुस्त्या झाल्या, हार एकही नाहीं. राहिली शेवटची एक. १९७० च्या मार्चांत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज हा तरुण त्याच्यासमोर उभा राहिला. केवळ गेबलशीं गांठ पडावी म्हणून ओविंग्ज आपलें वजन उतरवून त्या वर्गांत आला होता. सामना १३ विरुद्ध ११ अशा गुणांनीं ओविंग्जनें जिंकला. आयोवा स्टेटनें त्या वर्षींचें सांघिक विजेतेपद मिळविलें. परंतु लोकांच्या लक्षांत राहिली ती एक हार.

आम्ही पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. त्या काळांत एक गोष्ट वारंवार दिसून आली. पहिल्या क्रमांकाचा मुलगा एकदां दुसरा आला, कीं त्याच्या पुढें दोन वाटा असतात. परीक्षक पक्षपाती होता असें तो घरीं सांगतो, किंवा आपली उत्तरपत्रिका पुन्हां पुन्हां वाचतो. गेबलनें दुसरी वाट धरली. आपण कोठें दुबळे आहों हें त्या सामन्यानें त्यास दाखविलें, आणि तेवढेंच त्यानें घेतलें. १९७१ सालीं सोफिया येथें तो जगज्जेता झाला. १९७२ सालीं म्युनिक येथें ६८ किलोच्या वर्गांत ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्यानें घेतलें, तें एकाही प्रतिपक्षास एकही गुण न देतां.

येथें सामान्य मल्लाची कथा संपते. गेबल यांची येथून सुरू होते. १९७२ सालीं ते आयोवा सिटी येथील आयोवा विद्यापीठांत गॅरी कर्डेलमायर यांचे साहाय्यक झाले. हें विद्यापीठ त्यांच्या जुन्या विद्यापीठाचें कट्टर प्रतिस्पर्धी. एका राज्यांतील दोन घराणीं, मधें शेतें. कर्डेलमायर यांच्या नेतृत्वाखालीं १९७५ व १९७६ सालीं राष्ट्रीय विजेतेपद आलें, आणि मग सर्व भार गेबल यांच्या खांद्यावर पडला. पहिल्याच मोसमांत, १९७७ सालीं, विजेतेपद गेलें. आणि तें घेतलें कोणीं? निकल्स यांच्या आयोवा स्टेटनें! गुरूनें शिष्याकडून हार खाण्यांत धन्यता मानावी, असें आपल्याकडे म्हणतात. निकल्स यांस मात्र अजून घाई नव्हती.

नंतर १९७८ पासून १९८६ पर्यंत सलग नऊ वर्षें राष्ट्रीय विजेतेपद गेबल यांच्याकडे राहिलें. हें कसें घडलें याचा विचार करूं गेल्यास चार गोष्टी पुढें येतात, आणि त्या कुस्तीपुरत्याच नाहींत.

पहिली गोष्ट ही कीं, सामन्यापेक्षां सरावाची खोली त्यांनीं मोठी मानली. प्रेक्षकांसमोरची लढत सात मिनिटांची. खोलींतील लढत रोजची. तेथें वस्ताद स्वतः मुलांशीं झुंजत असे. ज्यानें म्युनिकांत एकही गुण दिला नाहीं, त्याच्याशीं ज्या मुलास सोमवारीं झोंबावें लागतें, त्यास शनिवारचा प्रतिपक्षी भीतिदायक वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट, पदवी घेऊन गेलेल्या मल्लांस त्यांनीं जाऊं दिलें नाहीं. विद्यापीठाच्या जवळच पदवीधर मल्लांचा एक संघ असे. ऑलिंपिकची तयारी करणारे हे थोरले मल्ल त्याच खोलींत धाकट्यांबरोबर सराव करीत. आपल्या जुन्या घरांत थोरला भाऊ धाकट्याचा अभ्यास घेई, तसा हा प्रकार. शिकवणारा एक न राहतां दहा होतात, आणि थोरल्याचीही उजळणी होते.

तिसरी गोष्ट, खेळाची रीत. एक-दोन गुणांची आघाडी घेऊन अंग राखणें त्यांस मान्य नव्हतें. शेवटच्या क्षणापर्यंत चढाई करावी, प्रतिपक्षाचा दम तोडावा, आणि गुणांवर समाधान न मानतां चीत करण्याचा यत्न करावा, हा त्यांचा धडा. यांत सांघिक हिशेबही होता, कारण चीतपट विजयास अधिक गुण मिळतात. पण त्याहून मोठा परिणाम प्रेक्षकांवर झाला. लोक कुस्ती पाहण्यास लोटूं लागले. सुमारे पंधरा हजार माणसांचें कार्व्हर-हॉकाय सभागृह विद्यापीठानें बांधलें, आणि ३ जानेवारी १९८३ रोजीं त्याचा आरंभ झाला तो कुस्तीच्या सामन्यानें. पुढील काळांत अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांनीं खर्चाच्या व इतर कारणांनीं कुस्ती बंद केली. ज्या विद्येस लोकाश्रय आहे तिच्यावर हिशेबनिसाची कात्री सहसा चालत नाहीं, हें आयोवांत दिसून आलें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दुसऱ्या फळीची काळजी. पण तिच्याकडे आम्ही थोड्या वेळानें येऊं. कारण मधें एक पराभव आहे.

१९८४ सालीं लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकांत गेबल अमेरिकन संघाचे वस्ताद होते. सोविएट रशिया व त्याचे मित्रदेश त्या वर्षीं आले नाहींत, हें खरें. तरी मुक्त कुस्तींत दहापैकीं सात सुवर्णपदकें एका संघानें घ्यावीं, हें सामान्य नव्हे. त्यांपैकीं रँडी लुइस आणि एड व लू बॅनॅक हे जुळे भाऊ, असे तिघे खुद्द आयोवाचे पठ्ठे. कीर्तीचा कळस झाला. आणि १९८७ सालीं दहाव्या सलग विजेतेपदाची वाट पाहत असलेल्या संघाच्या पोशाखावर रोमन दहाचा आंकडा आधींच झळकूं लागला. तो आंकडा खरा झाला नाहीं. आयोवा स्टेटनें, जिम गिबन्स या निकल्स यांच्याच शिष्याच्या हाताखालीं, तें विजेतेपद काढून घेतलें. पुढील तीन वर्षेंही गेबल यांच्या हातीं तें लागलें नाहीं. फळ पिकण्यापूर्वींच पानें वाढून ठेवूं नयेत, हा जुना धडा. तो सार्वभौमांसही चुकत नाहीं.

पण गुरुकुल उभें असलें म्हणजे पराभव ही विश्रांति ठरते. १९९१, ९२ व ९३ सालीं आणि पुन्हां १९९५ व ९६ सालीं विजेतेपद परत आलें. मग आलें १९९७ साल. आयुष्यभर गादीवर झिजलेल्या शरीरानें असहकार पुकारला होता. जानेवारींत गेबल यांच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मार्चांत ते कुबड्या घेऊन राष्ट्रीय स्पर्धेस आले. त्या स्पर्धेंत आयोवानें १७० गुण मिळवून तोंवरचे सर्व उच्चांक मोडले, आणि दहांपैकीं पांच वर्गांचे विजेते त्यांचे निघाले.

त्या पांचांतील एकाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जेसी व्हिटमर हा सर्वांत हलक्या वर्गाचा मल्ल. अनेक वर्षें तो संघांत होता, पण सामन्यांत नव्हता. त्याच्या वजनाची जागा दुसऱ्या, अधिक गुणी मल्लाकडे होती. रोज सरावाच्या खोलींत यावें, पुढच्या मल्लास झुंजावयास अंग द्यावें, घाम गाळावा, आणि शनिवारीं बाकावर बसून टाळ्या वाजवाव्या, असा त्याचा क्रम. शेवटच्या वर्षीं ती जागा मोकळी झाली. तो उभा राहिला, आणि त्याच वर्षीं राष्ट्रीय विजेता झाला. आम्हांस विचाराल तर गेबल यांच्या पंधरा सांघिक विजेतेपदांत या एका मुलाच्या विजयाची किंमत सर्वांत मोठी आहे. कारण तारा आकाशांत आपोआप चमकतो. बाकावरच्या मुलाची आशा चार वर्षें जिवंत ठेवणें हें शिक्षकाचें काम.

एकवीस मोसमांत पंधरा राष्ट्रीय विजेतेपदें, आपल्या विभागाचें विजेतेपद एकवीसही वर्षें, ३५५ सामन्यांत विजय, २१ हारी व ५ बरोबरी, इतकी जमा करून गेबल यांनीं १९९७ नंतर वस्तादाची गादी सोडली. त्यांच्यामागून त्यांचेच शिष्य जिम झलेस्की यांनीं १९९८ ते २००० हीं तीन वर्षें विजेतेपद राखलें. २००६ सालीं सूत्रें हातीं घेतलेले टॉम ब्रँड्स, ज्यांनीं १९९६ सालीं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें होतें, हेही त्याच खोलींत वाढलेले, आणि त्यांनीं २००८, २००९, २०१० व २०२१ सालीं विजेतेपद आणलें. २०१२ सालीं सभागृहापुढें गेबल यांचा पुतळा उभा राहिला, आणि २०२० सालीं राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांस मिळाला.

इतकें झाल्यावर माजघरांतील तिसऱ्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे. कठोर गुरु बरा काय? तपश्चर्येस मर्यादा आहे काय? या विद्येनें त्याचें उत्तर फार महाग किंमतीस विकत घेतलें. वजनाच्या वर्गांमुळें मल्लांस सामन्यापूर्वीं वजन उतरविण्याची जुनी खोड होती. पाणी तोडावें, रबराचा अंगरखा घालून तापलेल्या खोलींत व्यायाम करावा, घामानें चार-सहा पौंड झाडावे, आणि वजन झाल्यावर खाऊन-पिऊन पुन्हां भरावें. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत अवघ्या पांच आठवड्यांत तीन निरनिराळ्या महाविद्यालयांतील तीन तरुण या प्रकारांत मरण पावले. त्यांत आयोवाचा कोणी नव्हता. पण रीत सर्वांची होती, आणि ती वर्षानुवर्षें कौतुकाची मानली गेली होती. पुढें नियम बदलले. रबरी कपडे व तापविलेल्या खोल्या यांस बंदी झाली, वजन सामन्याच्या अगदीं आधीं घेण्याचें ठरलें, प्रत्येक मल्लानें कोणत्या वजनाखालीं उतरूं नये हें मोसमाच्या आरंभींच मोजून ठरविलें जाऊं लागलें, आणि वर्गांचीं वजनेंही वाढविलीं. ११८ पौंडांचा वर्ग १२५ चा झाला. तीन घरांचे दिवे विझल्यावर जो नियम झाला, तो आधीं करण्यास कोणाचा हात धरला होता? श्रमानें मुलगा वाढतो. जिवावर बेतणाऱ्या हट्टानें वाढत नाहीं. जो गुरु ही सीमा ओळखतो तो कठोर असला तरी चालेल; जो ओळखत नाहीं तो मृदुभाषी असला तरी त्याच्यापासून मूल दूर ठेवावें.

आपल्याकडेही महाविद्यालयानें मल्ल दिल्याचें थोर उदाहरण आहे. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत त्यांचा सहावा क्रमांक आला, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या खर्चासाठीं त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठीं घर गहाण टाकणारा गुरु ज्या भूमींत निपजतो ती भूमि धन्य, यांत शंका नाहीं. परंतु त्यानंतर कुस्तींत दुसरें ऑलिंपिक पदक भारतास मिळण्यास २००८ साल उजाडावें लागलें; म्हणजे छप्पन्न वर्षें! गुरूचा त्याग होता, शिष्याचें बळ होतें. नव्हती ती दरवर्षीं नवा मल्ल घडविणारी खोली, त्याच्याशीं झुंजणारी दुसरी फळी, आणि तीस अन्न घालणारी संस्था. एका माणसाच्या घरावर कर्ज काढून एक पदक येतें; परंपरा येत नाहीं. स्टिलवॉटर व आयोवा सिटी येथून शिकण्यासारखें कांहीं असेल तर तें हेंच.

तेव्हां आजोबा, काका व आई या तिघांसही आमचें उत्तर असें. आजोबांनीं मास्तरांची विद्वत्ता अवश्य पहावी. पण गॅलघर यांचें उदाहरण लक्षांत ठेवून ती विद्वत्ता करण्याची आहे कीं समजावून सांगण्याची, हेंही पहावें. काकांनीं वर आलेलीं मुलें मोजावीं. पण पहिल्या क्रमांकाचा मुलगा पाहून परत न येतां शेवटच्या बाकावर कोण बसला आहे आणि त्याच्या डोळ्यांत उमेद आहे कीं नाहीं, तें पाहून यावें. शाळा तपासनिसास पुढचा बाक दाखवितात, म्हणून पालकानें मागचा पहावा. आणि आईनें आपला प्रश्न हळू आवाजांत न विचारतां मोठ्यानें विचारावा. तिघांच्या प्रश्नांत तोच सर्वांत शहाणपणाचा आहे.